चढावरची किणकिण

२ मार्च, सोमवार

लेकीने ही डायरी दिली. म्हणाली, "बाबा, निवृत्त झाल्यापासून तुम्ही दिवसभर आईच्या मागे मागे फिरता. त्यापेक्षा लिहा काहीतरी." आता मी काय लिहिणार? छत्तीस वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली एकोणीस फोरमन म्हणून. जे काही लिहिलं ते जॉबकार्डावर. तेव्हा ही वहीसुद्धा जॉबकार्डच समजतो.

गाडी आमचीच, पांढरी, चार दारांची. वय सत्तावीस, म्हणजे लेकीपेक्षा दोन वर्षांनी लहान. तक्रार काही नाही. काम असं की लेक नर्स आहे, आणि एक एप्रिलला तिला डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात रुजू व्हायचं आहे. तिथून सहा वस्त्यांवर जाऊन बाळंतिणी तपासायच्या. बस दिवसातून एकदा येते, तीही मनात आलं तर. म्हणून गाडी तिला द्यायची, असं मी आणि हिने ठरवलं. ही म्हणजे माझी बायको. एकतीस तारखेपर्यंत गाडी ठणठणीत हवी.

आज प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला आणि टायमिंग लावलं. टायमिंग म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी कधी पडावी ते. हल्लीचे मेकॅनिक त्याला दिवा लावून बघतात. मी कानाने लावतो. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर जरा पुढे फिरवायचा म्हणजे ती लवकर पडते, गाडी चढावर दामटायची, इंजिनात बारीक किणकिण ऐकू आली की केसभर मागे घ्यायचा. संपला विषय. वर्कशॉपमध्ये मला कानमास्तर म्हणायचे ते उगाच नाही.

आज मात्र गंमत झाली. पाण्याच्या टाकीच्या चढावर गेलो, किणकिण येईचना. आणखी पुढे घेतलं, तरी नाही. आणखी घेतलं. शेवटी मीच कंटाळून थांबलो. सत्तावीस वर्षांचं इंजिन, पण तब्येत बघा.

५ मार्च, गुरुवार

लेक गाडी घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आली आणि दारातच म्हणाली, "बाबा, चढावर आवाज येतोय. काचेच्या बरणीत कोणी खिळे हलवतंय असा."

मी लगेच किल्ली घेतली. दोनदा चढ चढलो. आवाज बिवाज काही नाही.

पण तिने जे वर्णन केलं ते नॉकिंगचं आहे, हे मान्य करावं लागेल. पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपणहून भडकलं की असा आवाज येतो. थोडा वेळ असेल तर ठीक, पण पन्नास किलोमीटर घाटात तसंच दामटलं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. त्यामुळे लेकीने सांगितलेलं हसण्यावारी नेता येत नाही.

तिला विचारलं, पेट्रोल कुठलं भरलंस? म्हणाली, एक्क्याण्णव ऑक्टेनचं. आता आमच्या गाडीला एक्क्याण्णव चालतं की पंचाण्णव लागतं? पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी आहे, तिच्यावर "ऑक्टेन किमान ९" एवढंच उरलंय. पुढचा आकडा पुसला गेलाय. गाडी आम्ही जुनी घेतली, तेव्हा पुस्तक मिळालंच नव्हतं. मी आजवर एक्क्याण्णवच भरत आलो, कारण कधी तक्रार आली नाही.

खरी मेख पुढे आहे. डोंगरावर एकच पंप आहे आणि तिथे फक्त एक्क्याण्णव मिळतं. गाडीला ते सोसत नसेल तर गाडी देऊन उपयोग काय? ती अर्ध्या रस्त्यात बसायची, आणि कुठेतरी बाई कळा देत ताटकळत राहायची.

लेक म्हणाली, "फोनवर बघू का, आपल्या गाडीला कुठलं लागतं ते?" म्हटलं, काही गरज नाही. गाडी स्वतः सांगेल.

ता. क. ही शिलाई मशीनवर बसली की गुणगुणायची. हल्ली नुसती शिवते. लेक लांब जाणार म्हणून मन लागत नसेल. मी काही बोललो नाही. बोलून दुखावण्यापेक्षा गप्प बरं.

८ मार्च, रविवार

मेहुणा आला होता. त्याला मी मनातल्या मनात सल्लागार म्हणतो. कुठल्याही विषयात त्याला सल्ला विचारावा लागत नाही.

"भाऊजी, सरळ अठ्ठ्याण्णव घाला. महाग ते चांगलं. मी माझ्या गाडीत तेच घालतो, विमानासारखी पळते."

त्याची गाडी घरापासून ऑफिसपर्यंत चार किलोमीटर पळते, तीही सिग्नलवर थांबत थांबत.

मी त्याला समजावलं की ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ऑक्टेन म्हणजे सहनशक्ती. पेट्रोल किती दाबलं तरी भडकणार नाही, त्याचा तो आकडा. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला सोशिक पेट्रोल लागतं. ज्यात दाबच कमी, त्याला अठ्ठ्याण्णव पाजलं काय आणि एक्क्याण्णव पाजलं काय, गाढवाला गुळाची चव काय. त्यावर तो हसला आणि म्हणाला, "तरी पण महाग ते महागच ना."

जेवताना तो आणि ही काहीतरी हसत होते. सगळे हल्ली पुटपुटतात. आमच्या वेळी माणसं तोंड उघडून बोलायची.

११ मार्च, बुधवार

तीन दिवस शास्त्रशुद्ध चाचणी केली. टाकी रिकामी करून प्रत्येक वेळी पाच लिटर. आधी एक्क्याण्णव, मग पंचाण्णव, मग अठ्ठ्याण्णव. चढ तोच, गियर तिसरा, लेक शेजारी बसलेली.

पंपावरच्या बाई वैतागल्या. "काका, ही गाडी आहे की रुसलेला पाहुणा? रोज वेगळं वाढायचं तिला."

निकाल. एक्क्याण्णव: मला आवाज नाही, लेक म्हणते, आहे. पंचाण्णव: मला नाही, लेक म्हणते, आहे पण कमी. अठ्ठ्याण्णव: मला नाही, लेक म्हणते, बारीक आहे, पण आहे.

मी म्हटलं, "अठ्ठ्याण्णववर ह्या गाडीत किणकिण येणं शक्य नाही. तुझ्या डोक्यात बसलाय तो आवाज."

ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच नाही येत?"

"छत्तीस वर्षं ह्या आवाजावर जेवलो मी."

घरी आल्यावरही विषय सुटेना. शेवटी ती म्हणाली, "मला भांडायचं नाही. मी बसने जाईन. गाडी राहू दे तुमच्याकडे." पुढे आणखी काहीतरी बोलणार होती, पण हिने तिला डोळ्यांनी दटावलं. माझ्याविरुद्ध दोघींची एकी आहे, हे मला ठाऊक आहे.

वाईट वाटलं. लेकीसाठी एवढं करतोय आणि ती म्हणते बसने जाईन.

१४ मार्च, शनिवार

गाडीला आणखी एक दुखणं. इंडिकेटर दिला की टिकटिक व्हायची ती बंद झालीय. दिवे लुकलुकतात, आवाज नाही. म्हणजे फ्लॅशर गेला. छोटी डबी असते, डॅशबोर्डच्या खाली. नवीन आणून बसवला. तोही मुका.

दुकानात परत घेऊन गेलो. स्पेअर पार्टवाल्याने तो बॅटरीला लावून माझ्यासमोर धरला. "वाजतोय की, काका." त्या दुकानात एवढी वर्दळ, काय कपाळ ऐकू येणार. मी म्हटलं, दुसऱ्या कंपनीचा दे. तो बसवला. तोही तसाच. हल्ली माल कसला येतो देव जाणे. मूळचा आणि पहिला नवीन असे दोन्ही मुके फ्लॅशर ड्रॉवरमध्ये टाकले.

गच्चीवर सकाळी एवढ्या चिमण्या यायच्या, त्याही बोलेनाशा झाल्यात. बसतात, चोची हलवतात आणि जातात. ऊन वाढलंय.

हिने आपली खुर्ची टेबलाच्या ह्या बाजूला, माझ्या उजव्या हाताला आणून ठेवलीय. विचारलं तर म्हणाली, तिकडे वारं लागतं. खिडकी तर वर्षभर बंद असते. असो. बायकांच्या कारणांत शिरू नये.

१६ मार्च, सोमवार

इंजिन गरम असलं की स्टार्टर अडखळतो. कोणीतरी उलटा धक्का देतंय असं वाटतं. बॅटरी कमजोर, दुसरं काय. बदलली. तरी तसंच.

पंधरा दिवस राहिले. लेकीने बसची वेळ विचारून ठेवलीय, कागद फ्रिजवर लावलाय. येता-जाता दिसतो.

१७ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

हिला दोरे आणि बटणं आणायची होती, म्हणून ती गाडीत बसली. टाकीत पुन्हा एक्क्याण्णव होतं. येताना मी मुद्दाम टाकीच्या चढावरून घेतली. तिसऱ्या गियरमध्ये, दाबून.  वर पोचल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि विचारलं, "आला आवाज?"

ती बाहेर बघत होती. म्हणाली, "आला."

"कुठून?"

"शाळेची भिंत सुरू झाली तिथून. वर येईपर्यंत."

"मला नाही आला."

त्यावर तिने हात पुढे करून इंडिकेटर दिला. "हे ऐकू येतंय?"

"बिघडलंय ते. दोन फ्लॅशर आणले, दोन्ही फुसके."

तिने माझा हात धरला आणि स्टिअरिंगच्या खाली, फ्लॅशरवर ठेवला. बोटाखाली काहीतरी ठोके देत होतं. टक, टक, टक. अगदी नियमित, घड्याळासारखं. कानात मात्र काही नाही.

"वाजतंय," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून वाजतंय."

मी हात तसाच ठेवून बसलो. मागून एक ट्रक हॉर्न देत गेला, तो मात्र छान ऐकू आला.

१८ मार्च, बुधवार

आज काही लिहावंसं वाटत नाही.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी ही वही पहिल्यापासून वाचली. दोन तारखेच्या पानावर अडकलो.

"किणकिण येईचना. आणखी पुढे घेतलं, तरी नाही. आणखी घेतलं."

येत होती. मला येत नव्हती. मी आवाजाची वाट बघत टायमिंग पुढे पुढे घेत गेलो, आणि इंजिन बिचारं पहिल्यापासून किंचाळत होतं. गाडीला दुखणं नव्हतंच. मीच लावलं. स्टार्टर उलटा धक्का देत होता तोही त्यामुळेच. बॅटरी बिचारी चांगली होती. शिकाऊ पोरालाही कळावं असं हे, आणि मी त्याला इंजिनाची तब्येत म्हणून शाबासकी देऊन मोकळा झालो. हेच इंजिन घेऊन लेक घाटात गेली असती.

 तिला मी म्हणालो होतो, तुझ्या डोक्यात बसलाय तो आवाज.

दुपारी नटबोल्टकडे गेलो. नटबोल्ट माझा चेला. माझ्या हाताखाली आला तेव्हा खिशात कायम नटबोल्ट घेऊन फिरायचा, म्हणून ते नाव. आता चाळिशी ओलांडली, स्वतःचं गॅरेज आहे, तीन माणसं कामाला आहेत. त्याने टायमिंग लाइट विकत घेतला तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो होतो, "आंधळ्याने दिवा घेऊन काय करायचं?"

आज मीच म्हटलं, "तुझा तो दिवा दे रे जरा."

त्याने हात पुसले. "कोणाला हवाय, उस्ताद?"

"मला."

त्याने पुढे काही विचारलं नाही. गाडी आत घ्यायला सांगितली, दिवा जोडला आणि माझ्या हातात दिला. पुलीवर खूण असते, ती आठ अंशांवर दिसायला हवी. आमची बाविसाच्याही पलीकडे होती. नटबोल्टने ती बघितली, मी बघितली. तो म्हणाला, "चहा सांगतो," आणि बाहेर गेला. खूण आठावर येईपर्यंत तो काही आत आला नाही. चांगला माणूस झालाय.

चहा पिताना त्याने कपाटातून जुन्या गाड्यांचं जाडजूड पुस्तक काढलं. आमची गाडी त्यात होती. ऑक्टेन किमान ९१.

मी म्हटलं, "गाडी स्वतः सांगेल म्हणून मी पुस्तक बघितलं नाही."

"गाडी सांगतच होती की, उस्ताद," तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण बिस्किटांची बशी त्याने माझ्याकडे सरकवली.

२२ मार्च, रविवार

पुस्तकातला आकडा नव्या गाडीचा. सत्तावीस वर्षांत इंजिनाच्या पोटात काजळी बसते, दाब बदलतो. तेव्हा चढावर पारखल्याशिवाय मी लेकीला गाडी देणार नव्हतो. पण पारखणार कोण? माझं यंत्र तर बिघडलेलं.

हिला म्हटलं, "चल जरा. तुझे कान हवेत."

"माझे कशाला? मला काय कळतंय गाडीतलं?"

"मशीनची सुई बोथट झाली की तुला कसं कळतं?"

"आवाज बदलतो."

"मग झालं तर."

नटबोल्टकडून तीन कॅन आणले. कुठल्या कॅनमध्ये कुठलं पेट्रोल ते मी पाठीमागे लिहिलं आणि तिला दाखवलं नाही. माणूस आकडा ऐकला की आवाजही तसाच ऐकतो, हे मेहुण्यामुळे मला माहीत आहे. तिने डोळे मिटायचे आणि किणकिण आली की बोट वर करायचं. बोलायचं नाही.

पहिला कॅन, बोट मांडीवर. दुसरा कॅन, बोट मांडीवर. तिसरा, तेच. शाळेची भिंत आली आणि गेली. वर पोचल्यावर ती म्हणाली, "तिन्ही वेळेला सारखीच चालली. नव्या मशीनसारखी." पहिल्या कॅनमध्ये एक्क्याण्णव होतं, तिसऱ्यात अठ्ठ्याण्णव.

मग माझी जुनी पद्धत केली. एक्क्याण्णववर टायमिंग थोडं पुढे घेतलं आणि चढलो. बोट खाली. आणखी केसभर घेतलं. भिंतीच्या अर्ध्यावर तिचं बोट हळूच वर आलं. तिथून मागे घेतलं, आठाच्या खुणेवर नीट बसवलं आणि पुन्हा चढलो. बोट खालीच राहिलं. खात्रीसाठी आणखी एकदा, असा सात वेळा चढ चढलो. टाकीवरचा पहारेकरी बाहेर येऊन बघत होता, म्हातारा-म्हातारीचं काय चाललंय म्हणून.

सातव्या वेळी तिने एकदम बोट वर केलं. मी गाडी कडेला घेतली. म्हणाली, "पुढे काही नाही. मागे काहीतरी खडखडतंय." डिकी उघडली तर जॅकचा पाना सुटला होता. छत्तीस वर्षांत मला इतका तयार मदतनीस मिळाला नाही.

घरी येताना विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"तीन वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, मी पुटपुटते."

२५ मार्च, बुधवार

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. बाई तरुण आहेत. एका छोट्या खोलीत बसवून कानावर हेडफोन लावले आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. जाड आवाज सगळे आले. मग बराच वेळ काहीच होईना. मला वाटलं यंत्र बंद पडलं. काचेतून बघितलं तर बाई अजून काम करत होत्या.

कागदावर रेघ काढून दाखवली. सुरुवातीला सपाट आणि पुढे टाकीच्या चढासारखी, फक्त उतरती. म्हणाल्या, "बारीक, उंच आवाज गेलेत, डाव्या कानाचे जास्त. पक्षी, घड्याळं, बायकांच्या आणि मुलांच्या बोलण्यातले काही भाग. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलं की असं होतं."

मी म्हटलं, "आणि इंजिनाची किणकिण?"

"ती मला ठाऊक नाही, पण तशीच असेल तर तीही."

गेलेलं परत येईल का, विचारलं. नाही म्हणाल्या. पण जे राहिलंय त्याच्यावर यंत्राने बरंच भागवता येतं. दोन आठवड्यांत यंत्र येईल.

मला वाटलं होतं, फार वाईट वाटेल. वाटलंही. पण बाहेर आल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हे की ही पुटपुटत नव्हती.

२८ मार्च, शनिवार

लेकीला सगळं सांगितलं. आधी वाटलं होतं, नुसतं "दुरुस्त झाली" म्हणावं. पण मग ती मला विचारून विचारून गाडी चालवणार, आणि माझ्या शब्दावर घाट चढणार. तो शब्द खरा हवा.

म्हटलं, "तो आवाज मीच लावला होता. टायमिंग चुकवलं. तुझं बरोबर होतं. मला ऐकू येत नाही."

ती उठली. मग माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली, आईसारखीच, आणि हळू न बोलता नीट बोलली. "बाबा, आमच्याकडे पेशंट येतात ना, ते दुखतंय हे सांगायलाच वर्ष लावतात. तुम्ही चार आठवड्यांत सांगितलंत. बरेच बरे आहात."

मग चढावर गेलो. तिने चालवली, मी बाजूला बसलो. माझ्याकडे न बघताच तिने शाळेच्या भिंतीपाशी हात वर करून काही नाही अशी खूण केली. वर पोचल्यावर उतरून बॉनेटवर हात ठेवला. गाडी हातालाही कळते, जरा जवळ जावं लागतं एवढंच.

संध्याकाळच्या उन्हात पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आत पांढऱ्या रंगाने, ब्रश बारीक धरून लिहिलं: ऑक्टेन किमान ९१. फ्रिजवरचा बसचा कागद लेकीने स्वतः काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूला वाणसामान लिहिलं.

मेहुण्याला कळलं. म्हणाला, "शेवटी स्वस्तातलंच पेट्रोल लागलं होय." थोडा हिरमुसला.

३१ मार्च, मंगळवार

गेली. मागच्या सीटवर गादी, पुस्तकं, वजनकाटा बाळांचा, आणि हिने शिवलेली बारकी झबली, तीन डझन. डोळे दोघींचे भरले होते. माझेही. मी चाकांतली हवा पुन्हा एकदा बघायला वाकलो.

जाताना कोपऱ्यावर तिने इंडिकेटर दिला. दिवा लुकलुकला. आवाज मी मनात घातला.

तीन तासांनी फोन आला. ही फोन स्पीकरवर ठेवते आणि मला समजलं नसेल ते पुन्हा सांगते. पोचली. घाटात कुठेही आवाज नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

फोन. लेक म्हणते, वरच्या पंपावरचं एक्क्याण्णव भरलं, सगळ्यात उभ्या चढावर दाबून बघितलं, चिडीचूप. ओढ मात्र खालच्यापेक्षा जरा कमी वाटते.

मी म्हटलं, तसंच व्हायचं. वर हवा विरळ. इंजिन श्वासच कमी घेतं, त्यामुळे ताकद कमी आणि दाबही कमी. साधं पेट्रोल तिथे आणखी सुखाने नांदतं. घाटाच्या पायथ्याशी उन्हात आणि ओझं भरून चढायचं असेल तर कान उघडे ठेव, आवाज आलाच तर गियर उतर, दामटू नकोस. आकड्याच्या मागे न लागता गाडीला आणि जागेला काय लागतं ते बघ.

ही हसली. विचारलं काय झालं, तर म्हणाली, "आठवड्यात पहिल्यांदा फोरमनसारखे बोललात."

लेकीने परवा पहिली गरोदर बाई खाली रुग्णालयात सुखरूप आणली. गाडीतून. मुलगी झाली.

९ एप्रिल, गुरुवार

यंत्र आलं. दोन्ही कानांत एक एक, शेंगदाण्याएवढं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सुरुवातीला सगळंच जास्त वाटेल. खरंय. रस्त्यावर माझ्याच चपला माझ्यामागे कोणी चालतंय तशा वाजत होत्या. पिशवीचा कागद एवढा आवाज करतो हे मी विसरलो होतो. गच्चीवरच्या चिमण्या तर भांडकुदळ आहेत.

घरी आलो आणि सरळ ड्रॉवर उघडला. दोन्ही मुके फ्लॅशर काढले. उगाचच बदललेली ती जुनी बॅटरी जिन्याखाली होतीच. दोन बल्ब जोडले आणि पहिला फ्लॅशर लावला.

टिक, टिक, टिक.

दुसरा लावला. तोही. स्पेअर पार्टवाल्याकडे उद्या जाऊन माफी मागायला हवी. मी जमिनीवर बसून तो आवाज ऐकत राहिलो. लहान मुलासारखा हसत होतो, हे लिहायला हरकत नाही, वही माझीच आहे.

मग त्या टिकटिकीच्या पलीकडून दुसरं काहीतरी आलं. आतल्या खोलीत मशीन चालू होती आणि मशीनवर बसून ही गुणगुणत होती. तीच जुनी चाल, शेवटच्या ओळीला नेहमीसारखी घसरणारी.

दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "पुन्हा कधीपासून गायला लागलीस?"

तिने मशीन थांबवली. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"थांबले कधी होते?" ती म्हणाली, आणि कापड पुढे सरकवून पुन्हा शिवायला लागली.

मी परत आलो, बॅटरीची वायर काढून ठेवली आणि मधे दुसरा आवाज नको म्हणून दार उघडं ठेवून तिथेच बसलो.